१३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर क्रिटा : पॅनेलं कशी मांडायची?

शाईपेन

कमी किमतीच्या आणि जुन्या लॅपटॉपांवर अजूनही १३६६ × ७६८ पिक्सेलची स्क्रीन असते. त्यावर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की चित्रापेक्षा पॅनेलंच जास्त दिसतात. मग बहुतेक जण उजवीकडची पॅनेलं एकेक करून बंद करत सुटतात. बाजूला जागा मोकळी होते, पण अख्खं चित्र स्क्रीनवर बसवलं की ते आधी होतं तेवढंच दिसतं. कारण तंगी रुंदीची नाही, उंचीची आहे.

हिशोब मांडू. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल. त्यावर विंडोची शीर्षपट्टी, मेन्यू, ब्रशांचा टूलबार, उघड्या चित्रांचे टॅब, खाली स्टेटसबार आणि आडवा स्क्रोलबार. प्रत्येकाला साधारण १५ ते ३५ पिक्सेल धरा. हे सगळं वजा जाता ७६८ पैकी ५८० च्या आसपास उरतात. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो. उभा कागद ५८० च्या उंचीत बसवला की झूम होतो साडेसोळा टक्के आणि चित्राची रुंदी भरते जेमतेम ४१०. म्हणजे साडेनऊशे पिक्सेल रुंदी नुसती करडी पडून आहे! त्या रिकाम्या जागेतली पॅनेलं काढून काहीच मिळत नाही.

तेव्हा आडव्या पट्ट्या काढायच्या आणि उभे स्तंभ राहू द्यायचे. क्रम असा ठेवा :

१. कंट्रोल + शिफ्ट + एफ. हा फुलस्क्रीन मोड. शीर्षपट्टी आणि टास्कबार दोन्ही जातात, पॅनेलं जागच्या जागी राहतात. एका फटक्यात सर्वात मोठी बचत इथेच होते.

२. व्ह्यू मेन्यूतून स्टेटसबार बंद.

३. सेटिंग्ज → कॉन्फिगर क्रिटा → डिस्प्लेमध्ये स्क्रोलबार लपवायचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. चित्र सरकवायला स्पेसबार दाबून पेन ओढायचा असतो, स्क्रोलबारचं काम पडत नाही.

४. कॉन्फिगर क्रिटा → जनरल → विंडोमध्ये अनेक चित्रं उघडण्याची पद्धत टॅबऐवजी सबविंडो करा आणि सबविंडो मॅक्सिमाइझ करून टाका. तिची बटणं मेन्यूच्याच ओळीत जाऊन बसतात आणि टॅबची पट्टी वाचते.

५. सेटिंग्ज → टूलबार्स शोनमधून फाइलचा टूलबार बंद. याने उंची वाचत नाही, कारण तो ब्रशांच्या टूलबारच्याच ओळीत असतो. पण त्या ओळीला रुंदी मिळते. नाहीतर उजव्या टोकाची बटणं दुहेरी बाणामागे दडतात आणि त्यात वर्कस्पेस, म्हणजे पॅनेलांची साठवलेली मांडणी, निवडायचं बटणही जातं.

आता वर फक्त मेन्यू आणि एक टूलबार राहिला. उंची मिळाली साधारण ७१०. उभा ए-फोर २० टक्क्यांवर बसतो. साडेसोळावरून वीस ऐकायला थोडं वाटतं, पण क्षेत्रफळात चित्र जवळजवळ दीडपट झालं.

आणि आडवा कागद? ७१० उंचीत तो २८.६ टक्क्यांवर बसतो, रुंदी १००४. बाजूंना ३६२ पिक्सेल उरतात. डावीकडे दोन रांगांचा टूलबॉक्स सत्तर-ऐंशी आणि उजवीकडे २७० ते २८० चा एक स्तंभ. बरोबर मावतं. म्हणून उजवा स्तंभ २८० च्या पुढे जाऊ देऊ नका, आणि दोन स्तंभ शेजारी-शेजारी तर मुळीच लावू नका.

उजव्या स्तंभात वर रंग, खाली लेअर (चित्राचे एकावर एक थर). बस्स. ब्रशांची यादी, टूल ऑप्शन्स, ओव्हरव्ह्यू, हिस्ट्री यांना कायमची जागा द्यायची नाही. त्यांचं काय करायचं यावर इथे बोलू.

गेरू

उंचीचा मुद्दा अगदी पटला. पण टूल ऑप्शन्स बंद केलं की निवडीच्या टूलचे, ग्रेडियंटचे, फिलचे पर्याय कुठून काढायचे? फिलमध्ये थ्रेशोल्ड आणि ग्रो सिलेक्शन दर दोन मिनिटांनी बदलावं लागतं.

शाईपेन

कॉन्फिगर क्रिटा → जनरल → टूल्समध्ये टूल ऑप्शन्सची जागा विचारलेली असते : डॉकरमध्ये (क्रिटा पॅनेलांना डॉकर म्हणतं) की टूलबारमध्ये. 'इन टूलबार' निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. पुन्हा उघडल्याशिवाय फरक दिसत नाही, इथे बरेच जण फसतात. त्यानंतर ब्रशांच्या टूलबारवर एक बटण येतं. दाबलं की पर्याय खाली उलगडतात, काम झालं की मिटतात.

सलग फिलचंच काम करायचं असेल, म्हणजे कॉमिक्सच्या पानांवर सपाट रंग भरताना वगैरे, तर मात्र डॉकरच बरा. तो रंगाच्या डॉकरवर टॅब करून ठेवा.

टाकबोरू

ब्रशांची यादी कायम उघडी ठेवणं ही छोट्या स्क्रीनवरची सर्वात मोठी उधळपट्टी. पॉपअप पॅलेट पूर्ण बसवून घ्या, मग त्या यादीची आठवणही येणार नाही.

ब्रश हातात असताना चित्रावर राइट-क्लिक करा. पेनच्या वरच्या बटणाला राइट-क्लिक दिलेलं असेल तर हात हलवायलाच नको. गोल पॅलेट उघडते : मध्ये रंग, भोवती आवडते ब्रश, अलीकडे वापरलेले रंग, बाहेरच्या कड्यावर चित्र फिरवायची सोय, खाली झूम आणि आरसा. मुळात त्यात १० ब्रश असतात. संख्या वाढवता येते, पण छोट्या स्क्रीनवर वाढवू नका. खुणा बारीक होतात आणि पेन शेजारच्यावर पडतो. १० ते १२ पुरे.

ते दहा ब्रश कोणते हे टॅगवरून ठरतं. ब्रशांच्या डॉकरमध्ये नवा टॅग करा, नाव साधं द्या : 'रेखाटन', 'रंग'. हव्या त्या ब्रशावर राइट-क्लिक करून तो टॅगमध्ये घाला. मग पॉपअप पॅलेटच्या कोपऱ्यातल्या बटणातून तो टॅग निवडा. टॅगमध्ये दहापेक्षा जास्त ब्रश असले तर उरलेले दिसत नाहीत, आणि आपला लाडका ब्रश गायब झाला असं वाटतं. तो गायब नसतो, मर्यादेबाहेर असतो.

या पॅलेटच्या बाजूला ब्रशाचे स्लायडरही उघडता येतात. आकार, अपारदर्शकता, फ्लो, जे हवं ते निवडून घ्या. ते जमलं की टूलबारवरचे स्लायडर काढून टाकता येतात.

नीलांबरी

रंगाच्या पॅनेलबद्दल. ॲडव्हान्स्ड कलर सिलेक्टर उंची फार खातो, असं सगळे म्हणतात. तो तसाच वापरला तर खातोच! त्याच्या सेटिंगच्या बटणात तीन गोष्टी बदला.

एक, शेड सिलेक्टरच्या ओळी कमी करा किंवा तो भाग बंदच करा.

दोन, रंगांचा इतिहास आणि चित्रातले नेहमीचे रंग यांच्या पट्ट्या बंद करा. एच दाबलं की इतिहास कर्सरपाशी उघडतो, यू दाबलं की चित्रातले नेहमीचे रंग. कायमची पट्टी कशाला?

तीन, आणि हे सर्वात उपयोगाचं : झूम सिलेक्टर. त्यात 'माउस वर आल्यावर' असा पर्याय आहे आणि उघडणाऱ्या चौकोनाचा आकारही देता येतो. डॉकर १२०-१३० पिक्सेल उंचीचा ठेवा. पेन त्यावर नेला की मोठं रंगचक्र उघडतं, बाजूला नेला की मिटतं. छोट्या चक्रात त्रिकोणाच्या टोकाजवळचे फिके रंग नेमके पकडता येत नाहीत, ती अडचण सुटते. पेन नुसता वरून गेला तरी चक्र उघडतं याचा त्रास होत असेल तर 'मधल्या बटणाने' हा पर्याय घ्या.

डॉकरही नको असेल तर शिफ्ट + आय. रंगचक्र कर्सरपाशी येतं.

जास्वंद

माझ्याकडे वेगळीच अडचण आहे. क्रिटाची खिडकी मॅक्सिमाइझ केली तरी खालचा भाग टास्कबारच्या मागे जातो. लेअरच्या डॉकरची खालची बटणं, नवा लेअर, डिलीट वगैरे, दिसतच नाहीत. फुलस्क्रीन केलं तरी तळ कापलेलाच. स्क्रीन १३६६ × ७६८ च, स्केलिंग, म्हणजे विंडोज सगळं किती मोठं करून दाखवतं ते, १०० टक्के.

शाईपेन

जास्वंद, तुमच्या एका स्तंभात तीन-चार डॉकर एकाखाली एक आहेत का? प्रत्येक डॉकरला त्याच्या आतल्या बटणांमुळे एक किमान उंची असते, त्याखाली तो दबत नाही. एका स्तंभातल्या किमान उंचींची बेरीज स्क्रीनपेक्षा जास्त झाली की अख्ख्या खिडकीची किमान उंचीच स्क्रीनपेक्षा मोठी होते. मग मॅक्सिमाइझ करा नाहीतर फुलस्क्रीन, तळ बाहेरच राहणार.

उपाय : खालचा डॉकर शीर्षपट्टीला धरून वरच्या डॉकरच्या बरोबर मध्यावर न्या. निळसर चौकोन पूर्ण डॉकरभर पसरला की सोडा, दोघांचे टॅब होतात. चौकोन अर्ध्या भागावरच दिसत असेल तर तो वर किंवा खाली बसेल, टॅब होणार नाही. टॅब झाले की बेरीज थांबते. दोघांपैकी ज्याची किमान उंची जास्त तेवढीच मोजली जाते.

रुंदीलाही हाच नियम. टॅबमध्ये मागे दडलेला एखादा डॉकर रुंदीला हट्टी असेल तर अख्खा स्तंभ त्याच्यामुळे अडतो. स्तंभ २८० च्या खाली येतच नसेल तर पुढे दिसणाऱ्या डॉकरचा दोष नसतो, मागे कोण आहे ते बघा आणि एकेक बंद करून पाहा.

आणि एका जागी तीनपेक्षा जास्त टॅब नकोत. अरुंद स्तंभात नावं कापली जातात, शेवटी बाण येतात आणि शोधण्यातच वेळ जातो.

जास्वंद

झालं! चार होते : रंग, टूल ऑप्शन्स, लेअर, ब्रश. ब्रश बंद केला, टूल ऑप्शन्स टूलबारमध्ये पाठवलं. खालची बटणं दिसायला लागली. मनापासून आभार.

डॉकर ओढताना तो भलतीकडेच चिकटतो, त्याला काही उपाय?

टाकबोरू

ओढताना कंट्रोल दाबून ठेवा, कुठेच चिकटणार नाही, तरंगता राहील. शीर्षपट्टीवर डबल-क्लिक केलं की तरंगता डॉकर आपल्या जुन्या जागी परत जातो.

पण तरंगते डॉकर छोट्या स्क्रीनवर चित्रावरच बसतात. संदर्भचित्र बघायला म्हणून कुणी तरंगतं ठेवत असेल तर त्याऐवजी रेफरन्स इमेजेस टूल वापरा. फोटो थेट कॅनव्हासवर, कागदाच्या बाहेरच्या करड्या जागेत ठेवता येतो. शाईपेन यांनी वर जी साडेनऊशे पिक्सेल पडीक जागा दाखवली, तिचा याहून चांगला उपयोग नाही. झूम केलं की संदर्भही चित्राबरोबर मोठा होतो आणि सेव्ह करताना फाइलमध्येच राहतो. पीएनजी काढली तर त्यात येत नाही.

कुंचला

स्टेटसबार सरसकट बंद करा म्हणण्याला माझा विरोध आहे. ज्या यंत्रावर अशी स्क्रीन असते त्यावर बहुधा रॅमही ४ जीबीच असते. स्टेटसबारवर चित्राच्या मापाशेजारी ते किती मेमरी खातंय हे दिसतं. ए-फोर, ३०० डीपीआय, ८ बिटचा एक पूर्ण भरलेला लेअर म्हणजे २४८० × ३५०८ × ४ बाइट, साधारण ३३ एमबी. क्रिटा चित्र ६४ × ६४ च्या तुकड्यांत साठवतं आणि रिकाम्या तुकड्यांना जागा लागत नाही, त्यामुळे रेषांचा लेअर हलका असतो. पण पार्श्वभूमी, सावल्या, टेक्स्चर असे वीस भरलेले लेअर झाले की साडेसहाशे एमबी, आणि अन्-डूचा इतिहास वेगळा. क्रिटा मेमरी ओलांडून डिस्कवर लिहायला लागलं की ब्रश अडखळतो आणि लोक दोष ग्राफिक्सला देतात.

२५ पिक्सेलसाठी ही माहिती गमावू नका.

शाईपेन

कुंचला, मुद्दा रास्त आहे. मग सुवर्णमध्य असा : स्टेटसबार चालू ठेवा आणि तो कॅनव्हास-ओन्लीमध्ये, म्हणजे फक्त चित्र दाखवणाऱ्या मोडमध्ये, लपवा. रंगवताना टॅब दाबलं की जातो, परत दाबलं की मेमरीचा आकडा समोर.

कॅनव्हास-ओन्लीची नीट सेटिंग करायला हवी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कॉन्फिगर क्रिटामध्ये कॅनव्हास-ओन्ली सेटिंग्ज असं वेगळं पान आहे. तिथे काय काय लपवायचं त्याच्या खुणा असतात : डॉकर, मेन्यू, टूलबार, शीर्षपट्टी, स्क्रोलबार, स्टेटसबार. मुळात बहुतेक सगळं लपतं आणि म्हणूनच लोक टॅब दाबतात, गोंधळतात, परत येतात. उभ्या कागदावर काम असेल तर डॉकरची खूण काढून टाका. मग टॅब दाबल्यावर सगळ्या आडव्या पट्ट्या जातात, रंग आणि लेअर बाजूला राहतात आणि उंची पूर्ण ७६८ मिळते. उभा ए-फोर जवळजवळ २२ टक्क्यांवर, रुंदी ५४३. उरलेल्या आठशेमध्ये दोन्ही स्तंभ आरामात उभे राहतात. या स्क्रीनवर याहून मोठं चित्र बसूच शकत नाही.

टॅबने काहीच होत नसेल तर बहुधा कर्सर लेअरच्या नावाच्या किंवा एखाद्या आकड्याच्या चौकटीत अडकलेला असतो आणि टॅब त्याला पुढच्या चौकटीत नेतो. चित्रावर एकदा क्लिक करून मग दाबा.

सेटिंग्ज मेन्यूतलं 'शो डॉकर्स' ही वेगळी गोष्ट आहे. ते चुकून बंद झालं तर डॉकरच्या यादीत कितीही खुणा केल्या तरी काही उघडत नाही. 'क्रिटाची पॅनेलं गेली' असं कुणी म्हणालं तर आधी ते बघा.

गेरू

पॅनेलं काढून शॉर्टकटवर आलं की विंडोजवर मराठी टाइप करणाऱ्यांना एक खास त्रास होतो, तो इथे नोंदवतो. क्रिटात ब्लेंडिंग मोडचे (रंग खालच्या रंगात कसा मिसळायचा त्याचे) शॉर्टकट ऑल्ट + शिफ्टने सुरू होतात, उदाहरणार्थ ऑल्ट + शिफ्ट + एम म्हणजे मल्टिप्लाय. आणि विंडोजवर दोन कीबोर्ड असले की डावं ऑल्ट + शिफ्ट भाषा बदलतं. मल्टिप्लाय करायला जाता आणि कीबोर्ड मराठी होतो. त्यानंतर ब्रशाचं बी, इरेझरचं ई, आरशाचं एम, काहीच चालत नाही, कारण त्या कळांवरून आता देवनागरी अक्षरं येत असतात. क्रिटा बंद करून उघडलं की कधी ठीक होतं, कधी नाही, आणि कारण शेवटपर्यंत कळत नाही.

उपाय : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे भाषांमधल्या अदलाबदलीची कळ 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज + स्पेस शिल्लक राहतं. त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची खूणही आहे, ती करा. मग ब्राउझरमध्ये मराठी चालू असली तरी क्रिटात इंग्रजीच राहते.

नीलांबरी

गेरू, ही माहिती फार मोलाची आहे. धाग्याच्या सुरुवातीलाच घालायला हवी.

शॉर्टकटांवरच आहोत तर लेअरबद्दल. लेअरचा डॉकर उंचीला कमी पडतो तेव्हा लोक थंबनेल मोठे ठेवून स्क्रोल करत बसतात. डॉकरच्या वरच्या कोपऱ्यातल्या बटणात थंबनेल लहान करायचा स्लायडर आहे, तो खाली आणा. पंधरा लेअर एका नजरेत येतात. लहान थंबनेलमध्ये चित्र ओळखू येत नाही, म्हणून लेअरला रंगखुणा द्या : रेषा निळ्या, सपाट रंग हिरवे, सावल्या जांभळ्या. राइट-क्लिकमध्येच आहेत.

त्याहून चांगलं, डॉकरकडे जाऊच नका. आर दाबून ठेवून चित्रात ज्या भागावर टिचकी माराल त्या भागाचा लेअर निवडला जातो. पेज-अप, पेज-डाउनने वरचा-खालचा लेअर. छोट्या लॅपटॉपांवर या कळा एफएनसोबत असतात, त्यामुळे कॉन्फिगर क्रिटाच्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये त्या दोन क्रिया डाव्या हाताजवळच्या मोकळ्या कळांना देऊन टाका.

मधुमालती

१५.६ इंची लॅपटॉप आहे. विंडोजने आपणहून १२५ टक्के स्केलिंग ठेवलंय. वरचं सगळं केलं, तरी तुमच्या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. टूलबारवर बाण येतात, कॉन्फिगर क्रिटाची खिडकी उघडली तर ओकेचं बटण स्क्रीनच्या खाली असतं.

कुंचला

१२५ टक्क्यांवर तुमची स्क्रीन ॲपांच्या हिशोबाने १०९३ × ६१४ होते. ६१४ च्या उंचीत क्रिटाचे संवाद मावतच नाहीत. विंडोज १०० टक्क्यांवर आणा, हाच खरा इलाज. ब्राउझरमधली अक्षरं बारीक वाटली तर तिथला झूम १२५ करा, म्हणजे वाचायला त्रास नाही आणि क्रिटाला पूर्ण स्क्रीन.

१०० टक्क्यांवर क्रिटाच्या खुणा बारीक वाटल्या तर टूलबॉक्सवर राइट-क्लिक करून फक्त त्याच्या खुणांचा आकार वाढवा. सगळं एकदम मोठं करायची गरज नाही.

आत्ताच्या आत्ता ओकेचं बटण हवं असेल तर : खिडकीवर असताना ऑल्ट + स्पेस, मग एम, मग वरच्या बाणाने खिडकी वर सरकवा. शीर्षपट्टी स्क्रीनच्या बाहेर गेली तरी चालते. लिनक्सवर ऑल्ट किंवा सुपर दाबून खिडकी कुठूनही धरून ओढता येते, कोणती कळ ते तुमच्या डेस्कटॉपवर अवलंबून.

बोरुबहाद्दर

जिम्प हे दुसरं चित्रांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी चार ओळी, कारण तिथेही हाच प्रश्न आहे. टॅबने सगळे डॉक लपतात, एफ११ ने फुलस्क्रीन. व्ह्यू मेन्यूतून रुलर, स्क्रोलबार, स्टेटसबार बंद करा. रुलरचा शॉर्टकट कंट्रोल + शिफ्ट + आर. २.१०.१८ पासून टूल गटांत एकत्र केलेली आहेत, त्यामुळे टूलबॉक्स पुष्कळ छोटा झाला आहे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर बदलून घ्या. प्रेफरन्सेसमध्ये आयकॉन थीमच्या पानावर खुणा लहान करता येतात.

आडवी रेघ

पेन टॅबलेटबद्दल कुणी लिहिलं नाही. स्क्रीन १३६६ × ७६८ म्हणजे जवळजवळ १६:९. टॅबलेटची सक्रिय जागा १६:१० किंवा ३:२ असेल आणि ती तशीच स्क्रीनभर पसरवली असेल तर गोल काढताना लंबगोल होतो. ६ × ४ इंचांच्या टॅबलेटवर ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखायची खूण केली की उंची सुमारे ३.४ इंच वापरली जाते, खालची पट्टी निकामी होते, पण हात खरा चालतो.

पॅनेलांशी याचा संबंध असा, की पूर्ण १३६६ रुंदी ६ इंचांत येते म्हणजे एका इंचात सव्वादोनशेच्या वर पिक्सेल. उजव्या टोकाच्या २८० पिक्सेलच्या स्तंभाला टॅबलेटवर सव्वा इंचाहून कमी जागा. त्यात १५ पिक्सेलच्या बटणावर पेन मारणं अवघड जातं. म्हणून वर सगळे जे सांगताहेत, पॉपअप पॅलेट आणि शॉर्टकट, ते छोट्या टॅबलेटवाल्यांना दुप्पट लागू.

उजव्या हाताने काढणाऱ्यांनी स्तंभ डावीकडे नेऊन पाहावा असंही सुचवतो. पेन असलेल्या टॅबलेटवर हात स्क्रीन झाकत नाही हे खरं, पण डावीकडे टूलबॉक्स आणि स्तंभ एकत्र असले की उजवी कड मोकळी राहते आणि लांब रेघ अडखळत नाही.

टाकबोरू

डावीकडे न्यायला हरकत नाही, पण मग टूलबॉक्स आणि स्तंभ मिळून ३५० पिक्सेल एकाच बाजूला, आणि चित्राचं केंद्र उजवीकडे सरकतं. आडव्या कागदाला ते खटकतं. उभ्याला चालेल.

शाईपेन

आता मांडणी साठवण्याबद्दल, कारण इथे केलेलं काम वाया जातं. विंडो → वर्कस्पेसमधून मांडणीला नाव देऊन सेव्ह करा. दोन पुरेत : 'उभा', ज्यात दोन्ही स्तंभ, आणि 'आडवा', ज्यात रंग आणि लेअर एकाच टॅबमध्ये, स्तंभ अरुंद. सेव्ह केल्यानंतर एखादा डॉकर हलवला तर तो बदल वर्कस्पेसमध्ये आपोआप जात नाही, त्याच नावाने पुन्हा सेव्ह करावं लागतं.

वर्कस्पेसमध्ये डॉकर आणि टूलबार कुठे आहेत, दिसतात की नाही, एवढं साठतं. टूलबारवर कोणती बटणं आहेत, कॅनव्हास-ओन्लीच्या खुणा, शॉर्टकट, टूल ऑप्शन्सची जागा, हे त्यात नसतं. कॅनव्हास-ओन्लीच्या खुणा आणि टूल ऑप्शन्सची जागा क्रिटाआरसी नावाच्या फाइलमध्ये असते, शॉर्टकट क्रिटाशॉर्टकट्सआरसीमध्ये. दोन्ही फाइली विंडोजवर लोकल ॲपडेटात, लिनक्सवर घरच्या फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगमध्ये. लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी या फाइली आणि रिसोर्स फोल्डरमधल्या वर्कस्पेसच्या केडब्ल्यूएस फाइली, सगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. रिसोर्स फोल्डर कुठे आहे ते सेटिंग्ज → मॅनेज रिसोर्सेसमध्ये सापडतं.

मांडणीचा पार विचका झाला तर क्रिटा सुरू होताना शिफ्ट + ऑल्ट + कंट्रोल दाबून ठेवा. सेटिंग मूळ पदावर आणायची का असं विचारतं. हो म्हणायच्या आधी क्रिटाआरसीची प्रत काढलेली असू द्या, कारण त्यात तुमचे बाकीचे बदलही जातात.

जास्वंद

शेवटचा प्रश्न. धाकट्या भावाला १०२४ × ६०० चं जुनं नेटबुक दिलंय, त्यावर लिनक्स आणि क्रिटा चालतंय. त्याच्यासाठी काय ठेवू? ब्रश एडिटर उघडला की अर्धा बाहेर.

कुंचला

६०० उंचीत एकही स्तंभ कायम ठेवू नका. मिनिमल नावाचं वर्कस्पेस क्रिटासोबतच येतं, तिथून सुरुवात करा. फुलस्क्रीन, वर फक्त मेन्यू आणि एक टूलबार, डावीकडे एका रांगेचा टूलबॉक्स. लेअरचा डॉकर लागेल तेव्हाच उघडायचा, त्याला एक शॉर्टकट देऊन ठेवा. रंग आणि ब्रश पॉपअप पॅलेटवर.

ब्रश एडिटर एफ५ ने उघडतो. त्यात डावीकडे ब्रशांची यादी आणि उजवीकडे कच्ची रेघ ओढून बघायचा स्क्रॅचपॅड असतो. दोन्ही मिटवता येतात, त्यांच्या कडेला बटणं आहेत. मिटवले की मधला भाग तेवढा उरतो आणि रुंदीत मावतो. उंचीत तरीही कापला गेला तर सुपर किंवा ऑल्ट धरून वर ओढायचा.

आणि कागद ए-फोर ३०० डीपीआयचा घेऊ देऊ नका. शिकायला १५० डीपीआय पुरेसं : १२४० × १७५४. लेअर चौथाई मेमरीत बसतो आणि ६०० च्या स्क्रीनवर चित्र ३० टक्क्यांच्या पुढे दिसतं, म्हणजे रेघेतला चढउतार त्याच्या डोळ्यांना नीट कळेल.